राणीची वेणी

स्कारबरो, डिसेंबर १९७९

प्रिय मिल्काताई,

तुला आणि दाजींना शालोम. आम्ही सगळे बरे आहोत. घरात हीटिंग चांगलं आहे, काळजी करू नकोस. तुझा खोकला कसा आहे?

रविवारी नेओमीला म्युझियममध्ये नेलं होतं. इजिप्तच्या एका राणीच्या थडग्यातल्या वस्तू मांडल्या होत्या. त्यात तिच्या खऱ्या केसांची वेणी होती. नेओमी म्हणाली, "मॉम, हू ब्रेडेड इट?"

"तिच्या मुलींनी घातली असेल," म्हणताना मला रडूच आलं.

आई गेली तेव्हा नवी नोकरी जाईल म्हणून मी आले नाही. तिला आंघोळ तू घातलीस, कफनही तूच घातलंस. तिचे केस फार गुंतायचे. विंचरताना तुझ्याजवळ कोणी होतं का? ट्रंक कॉलवर विचारायचा धीर झाला नाही.

तुझीच,
दीना