उलट्या गालावरचा तीळ

माझ्या विसराळू कमलबाईस, धरणगावहून ताईबाईचा रामराम. (कोण ताईबाई, असं कोणाला विचारत बसू नकोस.) गुडघे कसे आहेत, की तेही कुठे ठेवून विसरलीस? मागच्या अखाजीच्या सणाला मला भेटायला म्हणून शिरपूरहून आलीस, शेजारणीच्या ओट्यावर तासभर गप्पा मारल्यास आणि माझ्यासाठी आणलेले पुरणाचे मांडे तिच्या हातात देऊन परत गेलीस. फोनवरचं तर तू फोन ठेवता ठेवता विसरतेस, म्हणून हे पत्र. मी सांगते, नात मयुरी लिहिते, तू कोणाकडून तरी वाचून घे.

तर झालंय असं, येत्या रविवारी मयुरीचा साखरपुडा आणि पोरीने जेवण सोडलंय. काकडी खाते आणि आरशात बघते. तिला म्हणे नटीसारखं बारीक व्हायचंय. (नाक मुरडू नकोस, लिही.) आपल्या वेळी बारीक असणं म्हणजे केवढी नामुष्की! धुळ्याचे पाहुणे मला बघून "पोरगी आहे की कपाशीची पऱ्हाटी" म्हणून गेले, तेव्हापासून आई मला दूध-केळी कोंबायची, तंबूतल्या सिनेमातल्या त्या नटीसारखी अंगाने भरावी म्हणून. ती गं, गालावर तीळवाली.

काल मयुरीने त्याच नटीचा जुना सिनेमा फोनवर लावला. काय रूप शे माय! या वयात अंगावर काटा आला. गोल गोल दंड, भरले गाल, हसली की हनुवटीखाली दुसरी हनुवटी हसते. तिने नुसती मान वळवली तरी यात्रेतला गलका थांबायचा. पुढे उंच अंबाड्यावाल्या आल्या, काजळ कानापर्यंत ओढणाऱ्या आल्या, मग मुठीत कंबर मावेल अशा आल्या. भुवया तर दर पोळ्याला बारीक होत गेल्या. त्याही देखण्याच, खोटं कशाला बोलू? प्रत्येकीपुढे मी तोंडाचा आ करून बसले.

आणि मग काल फोनवर तिचा तो तीळ दिसला. उजव्या गालावर! माझा हात आपोआप माझ्या डाव्या गालावर गेला. अगं, यात्रेत बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवायचे. आपण सगळं उलटंच पाहिलं! पडद्यावरची अक्षरंही उलटीच असणार, पण आपल्याला सुलटी तरी कुठे कळत होती? म्हणून तर सगळ्या नट्या डावऱ्या वाटायच्या, आणि तू आठवडाभर डाव्या हाताने जेवून आईचा मार खाल्लास. आणि आपण दोघींनी गोंदणारणीपुढे बसून हौसेने तीळ गोंदवला तोही डाव्या गालावर! जन्मभर चुकीच्या गालावर रूप मिरवलं गं बाई.

मयुरी एवढी हसली, एवढी हसली, की चक्कर येऊन खालीच बसली. उपाशी पोर, माझा जीव घाबरला. पाणी पाजून म्हटलं, "मी जिच्यासारखी व्हायला गेले तिची उलटी बाजू पाहिली होती. तू पाहतेस ती सुलटी आहे, याची खात्री केलीस का?"  तिने काकडीची ताटली सरकवली लांब.

तुझी अंगठेबहाद्दर मैत्रीण,
ताईबाई

ता. क. साखरपुड्याच्या ब्लाउजला आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायला मी शिंप्याला आधीच सांगून ठेवलंय. मयुरीला कळू देऊ नकोस. (मयुरी, एवढं लिहू नकोस.)

पुन्हा ता. क. मला अक्षर कळत नाही, पण वर 'मांडे' लिहिताना पोरीने तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, ते मला ऐकू आलं. माझं दार निळं आहे. हिरव्या दाराची शेजारीण तुझी वाट बघत ओट्यावरच बसलेली असते, तिच्याकडे बघू नकोस. रविवारच्या आत खापरावरचे मांडे घेऊन ये, तूप वेगळ्या डब्यात.