उजव्या बाजूचा खिसा

४ नोव्हेंबर

सिनेमाला पैसा लावणाऱ्या मालकांनी आज पहिले तीन प्रसंग जोडून पाहिले. एकदाही हसले नाहीत — आणि सिनेमा विनोदी! धाकटा माझ्या शेजारी नखं खात बसला होता. दिग्दर्शक झाला तरी माझ्या भावाची शाळेतली सवय काही सुटलेली नाही. उठताना मालक एवढंच म्हणाले, "पुढे करायचा की इथेच थांबायचं, शनिवारी सांगतो."

या सिनेमासाठी त्याने पक्की नोकरी सोडली. आईला अजून पत्ता नाही. तिला कळायच्या आत सिनेमा पुरा व्हायला हवा.

५ नोव्हेंबर

खरं सांगायचं तर गोष्ट लंगडी आहे. चार ठग एकाच कुटुंबातले असल्याचं सोंग आणतात आणि घरातलं एकच जुनं घड्याळ गावभर विकत सुटतात. कागदावर वाचताना मला जांभया येत होत्या.

पण नट! खोट्या आजोबांचं काम करणारे बुवा — गिऱ्हाईक घड्याळ उचलायला आलं की त्याच्या गळ्यात पडून रडतात, आणि रडता रडता त्याच्या खिशातली पावती काढून घेतात. खोटी सून शेजारी उभी राहून शांतपणे चष्मा पुसते. आज दोघं संवाद सोडून सूप खारट झालं म्हणून भांडायलाच लागले. कॅमेरावाला हसता हसता हलला, शॉट पुन्हा घ्यावा लागला.

"ताई, यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं," धाकटा म्हणाला.

"म्हणून तर चांगलं झालं."

तोंड पाडून बसला. बसू दे. हे प्रसंग मालकांनी पाहिले असते तर!

६ नोव्हेंबर

जेवताना बुवांनी शक्कल काढली. शनिवारी मालकांसमोर एक मोठा वितरक आणून बसवायचा. "हा सिनेमा आहे तसा मला द्या, मी थिएटरला लावतो," एवढंच तो म्हणेल. दुसऱ्याला हवंय म्हटलं की आपल्यालाही हवंसं वाटतं — घड्याळ विकायची सिनेमातली हीच तर युक्ती.

"पण वितरक आणायचा कुठून?" मी.

बुवांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्यांची पांढरी दाढी आणि केस रोज मीच चिकटवते. मालक सेटवर फिरकत नाहीत, बिनदाढीचे बुवा त्यांनी पाहिलेलेच नाहीत.

ज्याचं मीठ खायचं त्यालाच टोपी घालायची! मी नको म्हणाले. मग धाकट्याकडे पाहिलं आणि मोजमापाची फीत काढली.

७ नोव्हेंबर

वितरकाला शोभेल असा एकच कोट आहे, तोही मालकांच्याच पेटीतला. कपड्यांचा खर्च वाचावा म्हणून त्यांनी वारलेल्या वडिलांची पेटी मला दिली होती. कापड असं की कात्री लावायला जीव होत नाही. राखाडी कोट तपकिरी रंगवला, कॉलर उसवून नवी लावली, बटणं बदलली. आता शिवणाऱ्या शिंप्यालाही ओळखू यायचा नाही.

बुवांना छान बसला. फक्त आतला खिसा त्यांना सापडेना. बाकीच्या कोटांना डावीकडे असतो, याला उजवीकडे. म्हटलं, एवढं लक्षात ठेवा. "नट आहे मी," बुवा म्हणाले.

८ नोव्हेंबर

झोप नाही. कोटाला दोनदा इस्त्री केली.

९ नोव्हेंबर

जमलं!

बुवा आले, मालकांसमोर पायावर पाय टाकून बसले. मी चहाचा ट्रे धरून दारात, म्हणजे सगळं दिसावं. चष्मा काढायला बुवांनी हात घातला तो डावीकडेच. चाचपतायत, चाचपतायत. मग उजवीकडे सापडला.

मालक त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग खोकल्याची अशी उबळ आली की रुमाल तोंडाला लावून पाठ फिरवावी लागली. पाणी प्यायले आणि घासाघीस सुरू केली. बुवा एक बोलले की ते दोन! शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, "अर्धवट माल मी विकत नाही. सिनेमा पुरा होणार, मग बघू."

धाकट्याने बाहेर येऊन मला मिठी मारली. किती वर्षांनी!

२ फेब्रुवारी

पहिला खेळ. सूप खारट होण्याच्या प्रसंगाला मागच्या रांगेतली एक बाई खुर्चीवरून घसरली. आई डोळे पुसत हसत होती. नोकरीचं तिला मध्यंतरात सांगितलं. "मग आता दुसरा सिनेमा कधी?" एवढंच म्हणाली.

बाहेर पडताना दोन प्रेक्षक म्हणत होते, गोष्टीत दम नाही, पण माणसं काय झकास आहेत. मला तर अगदी पटलं.

५ फेब्रुवारी

मालक पेटी न्यायला आले. मी तपकिरी कोट तळाशी दडवला होता. त्यांनी हात घालून बरोबर तोच काढला, उजव्या खिशावरून बोटं फिरवली. म्हणाले, "बाबा डावखुरे होते. खिसा असाच शिवून घ्यायचे. तुमच्या वितरकाला सापडेना, तेव्हाच ओळखला."

मी विचारलं, "मग तुम्ही ती घासाघीस..."

"इतकी चांगली माणसं समोर काम करतायत म्हटल्यावर मलाही राहवलं नाही," म्हणाले, आणि कोट अंगात घालूनच गेले.