ज्याचं नाव तुला ठेवलं

पुंता अरेनास, जुलै

प्रिय नांदो,

बोटीवर जाऊ नको म्हटलं म्हणून रागावून तुझ्या मैत्रिणीच्या, यास्नाच्या घरी जाऊन बसलायस, म्हणून तिच्याच हाती हे पत्र देतेय. फाडू नकोस. आधी वाच, मग हवी तेवढी आदळआपट कर.

मला भीती वाटते रे. खोटं कशाला बोलू? तू कप्तान बाल्दोविनोच्या बोटीवर खेकडे धरायला जाणार हे कळल्यापासून वारा जरा वाढला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. काल वाऱ्यात तोल जाऊ नये म्हणून रस्त्याकडेला बांधलेले दोर धरून लोक हसत-खिदळत चालले होते. मी मात्र दोर धरून नुसती उभीच राहिले. ह्याच वाऱ्यानं तुझ्या बाबांची बोट सामुद्रधुनीत उलटवली, आणि आपण मेणबत्त्या लावल्या त्या रिकाम्या शवपेटीपुढे.

तुझं नाव त्यांनीच ठेवलं. मी किती भांडले! आपली सामुद्रधुनी ज्याच्या नावानं ओळखतात, त्या एर्नांदो मॅजेलनचं नाव, म्हणून तू नांदो. "अगं, पृथ्वीला वळसा घालणारा माणूस तो!" म्हणे. कसला वळसा न् काय! अर्ध्या वाटेत, परक्या बेटावर मारला गेला बिचारा. जहाज घरी पोचलं, तो नाही. इथं प्रांत त्याचा, रस्ता त्याचा, दारूच्या दुकानावरही पाटी त्याचीच. पण त्याची वाट बघत कुणी दारात उभं राहिलं असेल, तिचं काय? ती पाटी दिसली की मी मान फिरवते.

आज सकाळी चौकात गेले. त्याच्या पुतळ्याखाली तो आपला ब्राँझचा आदिवासी बसलाय ना, लोकांनी चोळून चोळून ज्याच्या पायाचा अंगठा लखलखीत केलाय, त्याच्या पायाला हात लावायला. प्रवासाला जाणाऱ्यानं तो पाय धरला की माणूस परत येतो, हे तुझे बाबा हसण्यावारी न्यायचे. तूही त्यांचाच मुलगा, लावणार नाहीस. म्हटलं, पोराच्या वतीनं आपणच लावू. तर लोकरीच्या टोप्या विकणारी सुनिल्दाबाई ओरडली, "एदेल्मिरा, वेड लागलं का गं? दुसऱ्याच्या नावानं चालत नाही! जो जाणार त्यानंच हात लावायचा. पाय आहे तो, टपालपेटी नव्हे!" सगळे हसले. मी तिथंच हुंदके देऊन रडले.

मग डोळे पुसले आणि पुन्हा पाय धरला, ह्या खेपेला स्वतःच्या नावानं. तिथून तडक धक्क्यावर गेले. कप्तानाला स्वयंपाकी मिळत नव्हता, आणि खानावळीत इतकी वर्षं मी दुसरं काय केलंय? मी येते म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर धक्क्याच्या कडेलाही उभ्या राहत नाही!" खरंय. तुझे बाबा गेल्यापासून मी बोटीत पाऊल टाकलेलं नाही. पण घरी बसून वाटते ती भीती आता मला सोसवत नाही. तोंडावर सांगितलं असतं तर तू ओरडला असतास आणि मी तुझं ऐकून घरीच राहिले असते, म्हणून लिहिलं. उद्या मी तुझ्याच बोटीवर स्वयंपाकीण म्हणून येतेय. चारचौघांत तमाशा करू नकोस. फळीवरून चढताना फक्त माझा हात घट्ट धर.

तुझीच,
घाबरट आई