हॉर्न सोसणारं सर्किट

२ एप्रिल १९८८, धुळे
सुजाताचा डिप्लोमाचा प्रकल्प चालला. एवढीशी पट्टी, तीन दिवे. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे संपली. रशीदभाईंच्या लाउडस्पीकरच्या जीपवर माझ्या साऱ्या सभा. मागल्या महिन्यात जातीवर बोलताना ऐन रंगात बॅटरी संपून कर्णा मुका झाला होता. तेव्हा लेकीने हे मनावर घेतले. म्हणते, "नाना, पिवळा लागला की मुद्द्यावर या." घरातच सेन्सॉर!

५ एप्रिल
टेबलावर छान चालते, म्हणून पट्टी जीपला जोडली. सभेच्या गावी वेशीवर तीन लांब हॉर्न, ही आमची दवंडी. पहिल्याच हॉर्नला तिन्ही दिवे गेले. विजेचा दाब मोजणारी आयसी, म्हणजे चिप, जळाली. रशीदभाई बॉनेट उघडून, "काय व्हयनं भाऊ? बॅटरी तर चांगली शे."

७ एप्रिल
सु.ने कॉलेजात सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र, लावून पाहिले. हॉर्नमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यातला प्रवाह एकदम तुटला की झटका उठतो. बारा व्होल्टच्या तारेवर क्षणभर शंभरावर, आणि तो थेट आयसीच्या तोंडात. म्हटले, सोपे आहे, हॉर्न बंद करू. उसळली. "म्हणजे जगानं गप्प बसायचं, तेव्हा माझं सर्किट जगणार? हेच शिकवलंत का?"
तेवीस वर्षे सभा गाजवल्या. असे कोणी कोपऱ्यात धरले नव्हते. आनंद झाला, दाखवला नाही.

१० एप्रिल
उपाय ठरला. मोजणाऱ्या तारेवर आधी रेझिस्टर, झटक्याचा जोर मोडायला. मग झेनर डायोड. ठरल्या दाबाच्या वर जे येईल ते तो बॅटरीच्या उणे टोकाकडे वळवतो, आत जाऊ देत नाही.
रशीदभाई खूश. "म्हणजे वेशीवरचा जागल्या!"
"आमच्या आजोबांनी गावकीची ती जागल्याची काठी टाकली, भाई. ती आता झेनरच्या हाती नका देऊ."
त्यांनी कान पकडले. "बरं, मग साहेब म्हणू."
साहेब धुळ्यात मिळेनात. जळगावहून आणावे लागणार.

१४ एप्रिल, शिंदखेडा
सु. झेनर आणायला जळगावला. नवी आयसी बसवून ठेवलेली, बजावून गेली होती, "मी येईपर्यंत हात लावू नका." मला जयंतीच्या मंचावरून लेकीची बुद्धी दाखवायची होती. पट्टी घेतली, जोडली. रशीदभाईंना हॉर्नची बंदी केली, तेही मुकाट पाळत होते. मिरवणूक समोर आली, निळे झेंडे, ढोल, नाचणारी माणसे... आणि शेजारच्या सीटवरून माझाच हात हॉर्नवर गेला.
तिन्ही दिवे विझले. रशीदभाई म्हणाले, "बठ्ठं गयं, भाऊ."
दीड तास बोललो. टाळ्या पडल्या. एक वाक्य मनापासून आले नाही.

१५ एप्रिल, धुळे
पट्टी तिच्या हाती दिली. "मी वाजवला." परवा तोंडी परीक्षा.
ती रागावली असती तर बरे. नुसती म्हणाली, "दुकानात शेवटची एकच आयसी होती, नाना. मी आणली नाही. लागेल असं वाटलं नाही."
रशीदभाई ऐकत होते. चपला घातल्या आणि जळगावला निघाले. जीपने नव्हे, एस.टी.ने. "जीपवर मना भरोसा नही." संध्याकाळी आयसी रुमालात गुंडाळून हजर. सु.ने त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिले नाही.

१६ एप्रिल, सकाळ
रेझिस्टर, झेनर, आयसी, सगळे जोडून झाले. परीक्षा उद्या. आता पेच असा: आज हॉर्न वाजवून पाहिला आणि जळले, तर उद्या नेण्यासारखे काही नाही. न पाहता नेले आणि परीक्षकाने विचारले, तर...
रशीदभाई म्हणतात, नका पाहू. तिची आई म्हणते, नका पाहू. मी पहिल्यांदाच मत दिले नाही.
सु. म्हणाली, "न तपासलेली गोष्ट मी खरी म्हणून सांगणार नाही." जीपपाशी गेली. मागे वळून, "नाना, तुम्ही बसा आत. रशीदकाका हळू वाजवतात."
जीपमध्येच लिहितो आहे. ती बॉनेटवर वाकून तारा आवळते आहे. रशीदभाई पाठ करून उभे. हिरवा लागला.
"जोरात, नाना. सभेला वाजवता तसा."
वही ठेवतो.