पट्टीवरचं नाव

६ ऑगस्ट
तपासणीवाले येणार, म्हणून मेट्रन मॅडमनी पुन्हा बजावलं: औषध देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. नियम चांगलाय. मीच भांडून वॉर्डात आणला.
चार नंबरच्या खाटेवर नवीन पेशंट, मनगटाच्या पट्टीवर नाव विष्णू. निघोज्याच्या कारखान्यात प्रेसखाली हात आला. नाव विचारलं तर बायकोकडे बघतो. तीच म्हणाली, "विष्णू." लातूरकडची, डोक्यावर पदर, आणि नवऱ्याचं नाव इतकं सहज! म्हटलं, चला, सुधारणा.

७ ऑगस्ट
कसली सुधारणा. दुपारी दीर डबा घेऊन आला. ही बोलून गेली, "विष्णू भावजी, आत या." आणि पदर तोंडावर.
जिन्यात नेऊन विचारलं. नवरा बालाजी. ठेकेदाराने त्याचं विम्याचं कार्ड काढलंच नाही. हात चिरडल्यावर म्हणाला, भावाच्या कार्डावर ॲडमिट हो.
"कुणाला सांगू नका सिस्टर. दोघंबी कामावरून जातील."
बरं म्हटलं. का म्हटलं?

८ ऑगस्ट
सकाळी इंजेक्शन भरलं आणि बायको म्हणाली, "पेनिसिलीन नाही ना? गावी त्यानं ह्यांचा दम कोंडला होता." त्याच जातीचं होतं. सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. दिलं नाही.
डॉ.ना सांगितलं, पेशंट म्हणतो, हे चालत नाही. त्यांनी विष्णूची जुनी फाइल उघडली. "अहो, मागच्या वर्षी ह्यालाच हे दिलंय. काही झालं नाही. घाबरलाय तो. उद्या ऑपरेशनला ओ.टी.त हेच द्यायचं."
फाइल खरी. माणूस दुसरा. हे सांगायला तोंड उघडलं, तर दारात विष्णू डबा घेऊन उभा, कडेवर पोरगी. पुन्हा मिटलं.
राग येतोय. ठेकेदाराचा, ह्या भाबड्यांचा, सगळ्यात जास्त माझा. इकडे आड, तिकडे विहीर.

९ ऑगस्ट, सकाळ
बस डांगे चौकात अडकली. वाटलं, अडकूनच राहावी.
बालाजीला स्पष्ट सांगितलं, जिवावर बेतेल. म्हणाला, "एवढ्या डावाला काही होत नाही बघा. भावाची लेकरं लहान हायेत." त्याची बायको माझा हात सोडेना. मला म्हणते, तुम्ही हाव ना आत.
हो, मी आहे. ओ.टी.च्या दारात नाव विचारायचं काम माझंच. "विष्णू" त्याने पाठ केलंय. डॉक्टर म्हणतील, सिस्टर, बरोबर ना?
स्ट्रेचर आलं.