लंकेची बस

अजिंठा,
२३ जानेवारी २०२५

ती. आक्कास मुंजाबाचा नमस्कार.

तुझी कंबर आता बरी असेल. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसलो.

करोना सरला, सगळ्या गावांच्या बस लेण्यांना आल्या, पण लंकेच्या यात्रेकरूंची आली नाही. तिथंच माझं सगळं फिरलं. कॉलेज त्याआधीच सोडलं होतं. कुणापायी, ते तू जाणतेस.

तू ओरडायचीस, "शेंद्र्याला कंपनीत लाग, त्या यात्री निवासात काय पुरलंय तुझं?" पुरलं नव्हतं, माझ्या खाटेखाली होतं. नारळ खवायचा पाट, पुढं लोखंडी पातं. लंकेच्या बसबरोबर येणारे आचारी सोमपालमामा दर साली तो इथंच ठेवून जायचे. त्यावर बसून त्यांची लेक नदीशा खवायची, मला शिकवायची. निवासाचे मालक आप्पासाहेब तो भंगारात घालणार होते. मी अंगावर धावून गेलो. लई बोलणी खाल्ली, पण पाट दिला नाय.

काल बस आली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली. शेवटी मामा, एकटेच. केस पार पिकलेत.

नदीशाचं विचारायचं धाडस होईना. पाट पुढं केला, तर म्हणाले, "तुम बैठो." मी खवत बसलो, ते सांगत बसले. करोनात लंकेतले पर्यटक आटले, सरकारची उधारी फुगली, त्यात एका हुकमानं रासायनिक खत बंद. त्यांचा भात निम्मा आला. डॉलर संपले. गॅसचं जहाज बंदरात उभं, पण द्यायला पैसे नाहीत म्हणून उतरेना.

"और नदीशा?"

"कुवैत. घरकाम. उधर का बच्चा संभालती."

भडकलोच, आक्का. "अब तो मुल्क सुधर गया ना? बस आ गई ना? बुलाओ उसको!"

मामांनी चिमूटभर खोबरं उचललं. "बारीक है. उसके जैसा." मग हळूच म्हणाले, "वो आएगी तो घर क्या खाएगा?"

मी खवत राहिलो. बोट कापलेलं नंतर दिसलं.

सोमवारी शेंद्र्याला हजर होतो, दाजींना सांग. लासूरच्या स्थळाचं मात्र एवढ्यात काढू नको.

मामा म्हणाले, पाट इथंच राहू दे, पुढच्या साली लागेल. पातं फडक्यात गुंडाळून पाट खाटेखाली सारलाय. पिशवी भरलीय. आता हे पाकीट चिकटवतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो. कडी घालीन. कुलूप नाही.

तुझा,
मुंजाबा