माळ लांबते आहे

१० डिसेंबर १९७४, सांगली
आजपासून रोजनिशी. संकल्प: पहाटे उठणे, चहा बंद, चंदनचं गणित स्वतः घेणे. फेब्रुवारीत चौथीची स्कॉलरशिप आहे. पोरगी जिल्ह्यात नंबर काढणार. तिचे डोळे जरा पिवळे दिसतात, पण मी पडलो हळदीच्या अडत दुकानातला दिवाणजी. माझं आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं निघतं.

११ डिसेंबर
उठायला उशीर. चहा घेतला, एकदम सोडला की डोकं दुखतं.
चंदनला मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, लिव्हर दोन वर्षांपासून खराब होत आलंय, बरं होण्यातलं नाही. पुढं डोक्यावरही परिणाम होतो. अभ्यासाचा लकडा लावू नका, मैत्रिणींत खेळू द्या, हसू द्या. माणूस शिकलेला, पण फार निगेटिव्ह. परतताना बायको, गुणमाला, सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिला एसटी लागते.

१५ डिसेंबर
उंब्रजला राहीबाईकडे. काविळीवर तिच्या हाताला गुण आहे, असं सगळी पेठ सांगते. हिरव्या काड्या गाठींत ओवलेल्या दोन माळा दिल्या. एक चंदनच्या गळ्यात. दुसरी, पहिली तुटलीच तर असावी म्हणून, घरी खिळ्याला. कावीळ उतरंल तशी माळ लांबंल, पायातनं काढायची झाली की पोरगी खडखडीत, असं म्हणाली. याला म्हणतात प्रूफ. मिरजेत असं काही दाखवलं का?

२० डिसेंबर
माळ छातीखाली! गुणमालाला हाक मारून दाखवली. आवं, माळंकडं काय बघताय, पोरीकडं बघा की, म्हणाली. बायकांना सायन्स कळत नाही.

२ जानेवारी १९७५
माळ बेंबीपाशी. चंदनचं पोटही सुटलंय, एकही फ्रॉक कमरेत होईना. अंग धरलंय पोरीनं. हातपाय काड्या दिसतात, ते उंची वाढत असल्यामुळं. चहाचं उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
सातचा पाढा अडला. तीसपर्यंत घडाघडा म्हणणारी पोरगी! मी ओरडलो. अप्पा, मला येतंय, पण तोंडात येईस्तवर जातंय, म्हणाली. मग मीच म्हणून दाखवला. घाईत सात सक चव्वेचाळीस म्हणून गेलो. पूर्वी लगेच धरायची मला. आज नुसती मान डोलावली. शिस्त लागते आहे.

१६ जानेवारी
शाळेतल्या बाईंनी घरी पाठवलं. दिवसा बाकावरच झोपते म्हणे, आणि रात्री घरी टक्क जागी. बुद्धिमान माणसांचं असंच असतं. अक्षर थरथरीत झालंय, वाचता येत नाही. डॉक्टरांचं तरी कुठं येतं? डॉक्टरच होणार!

२२ जानेवारी
शेजारच्या पोरी सागरगोटे खेळायला बोलवायला आल्या. परीक्षेनंतर या, म्हणून परतवून लावल्या. चंदन दारापर्यंत गेली आणि माघारी आली. गुणमाला जे बोलली, ते इथं लिहीत नाही. माळ गुडघ्याखाली.

३० जानेवारी
आज माळ पायातून काढली! पेठेत पेढे वाटले. चंदनला खेळायची परवानगी दिली, सागरगोटे मीच आणले. पोरींना हाक मारली, त्या शाळेत. तेव्हा समोर मीच बसलो. तिनं पहिला उडवला, पण झेलायला हात पुढं गेलाच नाही. टाटा केल्यासारखा मनगटातून नुसता हलत राहिला. अप्पा, तुमी झेला, मी मोजते, म्हणाली. मी चार झेलले, तिनं सात मोजले. बापावर माया आहे, म्हणून वाढवून मोजले असणार.

८ फेब्रुवारी, मिरज
चंदनला ॲडमिट केलं. हाक मारली तर ओ देत नाही. आईलाही ओळखलं नाही. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी देता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

९ फेब्रुवारी, सांगली
तिचे कपडे न्यायला घरी आलो. एकही फ्रॉक होणारा नाही. सागरगोटे तेवढे पिशवीत टाकले.
खिळ्यावरची दुसरी माळ लांबत लांबत जमिनीला टेकली आहे. तिला कुणी हात लावलेला नाही. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, एवढंच.
पोरगी नुसतं खेळायला मागत होती, तेही मी दिलं नाही.
खिळ्याची कावीळ उतरली.